डोळ्याआडचा पाट

डेक्कन क्वीन तळेगावला थांबत नाही. ती नुसती शिटी घालीत निघून जाते. स्टेशनावर लोकलची वाट पाहत उभे राहिलात तर एक गंमत कानांवर येते. गाडी आपल्याकडे येत असते तोवर शिटीचा सूर चढा असतो, आणि इंजिन समोरून पुढे सरकले रे सरकले की तोच सूर पडतो. शिटी तीच, फुंकणारा तोच, पण ऐकणाऱ्याला सूर दोन! बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवताना मी हे उदाहरण पोरांना सांगत आलो. १८४२ साली प्राग शहरात ख्रिश्चन डॉप्लर नावाच्या प्राध्यापकाने या गोष्टीचे गणित मांडले, तेही तारकांच्या रंगांचा विचार करताना. पुढे १८४५ मध्ये हॉलंडातल्या बाय्स बॅलट या गृहस्थाने उत्रेख्त गावाजवळ आगगाडीच्या उघड्या डब्यावर चक्क तुतारी वाजवणारे बसवले आणि खाली रुळांशेजारी तयार कानाचे गवई उभे करून त्याचा पडताळा घेतला. पोरे हसायची. "मास्तर, याचा उपयोग काय?" असा प्रश्न दरवर्षी एखाद्या तरी बाकावरून यायचाच.

त्याचे खरे उत्तर मला निवृत्तीनंतर मिळाले, आणि तेही एका अंधाऱ्या खोलीत, आमच्या आबांच्या मिटलेल्या पापणीवर.

आबा म्हणजे आमचे शेजारी. इंदुरीच्या अंगाला त्यांची भाताची खाचरे आहेत. वय अडुसष्ट, अंगाने काटक, तंबाखू सोडलेली, पण रक्तदाबाच्या गोळ्या आठवण येईल तेव्हा घेण्याचा शिरस्ता. श्रावणातल्या एका सकाळी गोठ्यातून येऊन ते ओट्यावर टेकले आणि डाव्या डोळ्यापुढे वरून खाली पडदा सोडावा तसे झाले. दुखणे नाही, लाली नाही, पाणी नाही. दुखत नाही म्हणजे विशेष काही नसणार, हा आपल्याकडचा सार्वत्रिक न्याय. चष्मा पुसून पाहिला, थंड पाण्याचे हबके मारले, दुपारी झोप काढली. संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात गेले, तेथे नंबर वाढला असेल असे निघाले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी माझ्यामागे लकडा लावला आणि आम्ही गावातल्या रुग्णालयात गेलो.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. तळेगाव दाभाडे हे पूर्वीपासून हवापालटाचे गाव. ज्यांच्या नावाने इथले ग्रामीण रुग्णालय ओळखले जाते त्या डॉ. भाऊसाहेब सरदेसायांची आठवण गाव अजून काढते. १९९५ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि हे रुग्णालय त्याला जोडले गेले. त्यामुळे मावळातल्या माणसाला प्रत्येक दुखण्यासाठी पुण्याची वाट धरावी लागत नाही.

नेत्रविभागातल्या डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करण्याचे औषध घातले आणि आत डोकावून पाहिले. मग शिकाऊ मुलांना हाक मारली. डॉक्टर इतरांना बोलावून आपल्याला दाखवू लागले की रोग्याने समजावे, मामला साधा नाही. मी मास्तर म्हणून मलाही एक झलक मिळाली. एरवी नारिंगी दिसणारे दृष्टिपटल दुधाळ, पांढुरके पडले होते, आणि मधोमध गुंजेसारखा लालबुंद ठिपका. डोळ्याच्या पुस्तकांत या ठिपक्याला चेरीची उपमा देतात. मावळात गुंजेचीच द्यावी. दृष्टिपटलाला रक्त देणारी मुख्य रोहिणी बंद झाली की त्याचा आतला थर सुजतो आणि अपारदर्शक होतो. मध्यबिंदूपाशी मात्र तो थरच नसतो, म्हणून मागच्या रंजितपटलाची लाली तेवढी तेथून दिसत राहते. म्हणजे तो ठिपका काही रोगट नव्हे. आजूबाजूचे मेले म्हणून तो उठून दिसतो, इतकेच.

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत असे डोकावता येते ही गोष्टही काही फार जुनी नाही. जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झने पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि पातळ काचपट्ट्या जोडून तसे यंत्र बनवले आणि १८५१ मध्ये ते जगापुढे ठेवले. (आमच्या गावाला काचेचा अभिमान आहे, म्हणून ही गोष्ट मी जरा मिटक्या मारीत सांगतो. पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली येथेच निघाला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून.) ते यंत्र हाती आल्यावर आठच वर्षांत, १८५९ मध्ये, बर्लिनच्या फॉन ग्रेफेने आबांसारख्याच एका रोग्याचे वर्णन लिहिले. हृदयातून सुटलेली गुठळी डोळ्याच्या रोहिणीत जाऊन अडकली आणि डोळा गेला, हे त्याने ओळखले. एकोणिसाव्या शतकात निदान झाले. उपायाचा शोध मात्र अजून चालू आहे.

आबांनी विचारले, "पण मास्तर, डोळ्यात रक्त असतं कुठं? पांढरा तर असतो."

त्यांना त्यांच्याच भाषेत सांगणे बरे म्हणून मी पाटाचे उदाहरण घेतले. हृदयातून निघालेला मोठा कालवा मानेतून वर मेंदूकडे जातो. ती ग्रीवा रोहिणी, जिला डॉक्टर कॅरॉटिड म्हणतात. कवटीत शिरल्यावर तिला एक पाट फुटतो, ती नेत्ररोहिणी. या पाटाच्या पुन्हा अनेक चाऱ्या. त्यांतली एक बारीकशी चारी डोळ्याच्या मागे सुमारे एक सेंटिमीटरवर दृष्टीच्या मज्जातंतूत घुसते आणि त्याच्या पोटातून डोळ्यात उतरते. हीच दृष्टिपटलाची मध्यरोहिणी. तिची जाडी मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढीही भरणार नाही. बाकीच्या चाऱ्या मागच्या रंजितपटलाला पाणी देतात, आणि डोळ्यात येणाऱ्या रक्तापैकी बहुतांश तिकडेच जाते. दृष्टिपटलाचा बाहेरचा थर त्या रक्तावर जगतो. आतला थर मात्र या एकट्या चारीवर. तिच्यात खडा अडकला की खालची खाचरे कोरडी. शेजारच्या खाचरातून बांध फोडून पाणी घ्यायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

काही भाग्यवंतांना ती असते. सुमारे तीन डोळ्यांमागे एकात मागच्या बाजूने एक चोरचारी येऊन नेमकी मध्यबिंदूपाशी पाणी घालते. अशा माणसाची मुख्य चारी तुंबली तरी मधली नजर शाबूत राहू शकते. कडेचे जग जाते, पण वाचता येते. आबांना ती नव्हती.

"मग आता पाट मोकळा करा की," आबा म्हणाले. शेतकऱ्याचा प्रश्न अगदी बिनचूक असतो. याचे उत्तर ज्या माणसाने आयुष्यभर शोधले तो भारतीय होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉ. सोहनसिंग हायरे हे मूळचे पंजाबातले. १९५०च्या दशकात पतियाळाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शवांच्या डोळ्यांमागच्या या केसासारख्या चाऱ्या उलगडून पाहण्याचे काम आरंभले. मध्यरोहिणी सर्वांत अरुंद कोठे असते? मज्जातंतूचे जाड वेष्टण भेदून ती आत शिरते तेथे, हे त्यांनी दाखवले. गुठळी अडकायला जागा तीच. १९६१ मध्ये ते लंडनला गेले, १९७३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, आणि २०२२ साली वारले. आयोवात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या डोळ्यांतील ही रोहिणी मोजून ठरावीक मिनिटे बंद ठेवली आणि पुन्हा सोडली. सत्त्याण्णव मिनिटांपर्यंत दृष्टिपटल सावरते. त्यापुढे नुकसान वाढत जाते, आणि चार तासांनंतर जवळजवळ सारेच संपते.

सत्त्याण्णव मिनिटे! लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जायला लागतो त्याहून हा वेळ फारसा अधिक नाही. माकडावरून माणसाचा हिशेब अगदी मिनिटाबरहुकूम करू नये हे खरे, आणि रोहिणी पुरी बंद न होता थोडी झिरपत असेल तर मुदतही लांबते. पण आबांच्या डोळ्याला आम्ही नेले तेव्हा तीन दिवस उलटले होते.

आता खरी चमत्कारिक गोष्ट ऐका. पुष्कळ रोग्यांत ही गुठळी पुढे आपोआप विरघळते किंवा सरकते आणि पाणी पुन्हा वाहू लागते. डॉक्टर पाहतात तो रोहिणी चालू, आणि रोगी म्हणतो मला दिसत नाही. करपून गेलेल्या आवणाला पाणी सोडल्यावर काय होते ते मावळात कोणाला सांगायला नको. म्हणून नुसते दृष्टिपटल पाहून भागत नाही. मागे पाटात काय चालले आहे, कोठे आणि किती अडले आहे, हे पाहावे लागते.

ते पाहण्याची पहिली युक्ती रंगाची. फ्लुरोसीन नावाचा रंग १८७१ मध्ये बायर या जर्मन रसायनज्ञाने बनवला. त्यावर निळा उजेड टाकला की तो हिरवापिवळा चमकतो. १९६०च्या सुमारास अमेरिकेत इंडियानापोलिसला वैद्यकीचे दोन विद्यार्थी होते, नोव्हॉटनी आणि अल्विस. दंडातल्या नीलेत हा रंग टोचावा आणि तो डोळ्यात पोचताच फोटो घ्यावेत असे त्यांच्या मनात आले. टोचून कोणी घ्यायचे? नाणे उडवले. अल्विस हरला आणि टोचून घेणारा पहिला माणूस झाला! त्यांचा लेख डोळ्यांच्या एका पत्रिकेने साभार परत केला, आणि १९६१ मध्ये तो छापला तो हृदयाच्या पत्रिकेने. आज जगात असे नेत्रालय विरळा जेथे ही तपासणी होत नाही. दंडातून निघालेला रंग निरोगी माणसाच्या दृष्टिपटलात दहा-पंधरा सेकंदांत उतरतो. आबांच्या उजव्या डोळ्यात तो वेळेवर आला. डाव्यात रंजितपटल उजळले, पण रोहिणीत रंग येता येईना. आला तो मुंगीच्या पावलांनी. दुसऱ्या दिवशी आबांची लघवी पिवळीजर्द झाली आणि वहिनी घाबरल्या, तो भाग वेगळा.

पण रंगाने दिसते ते डोळ्याच्या आतले. बुबुळामागे, हाडाच्या खोबणीत, चरबीच्या गादीत दडलेला पाट त्याला दिसत नाही. तेथे डॉप्लरसाहेब लागतात.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, अशी पाटी होती. आबांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "माझ्या डोळ्यात काय पोरगं आहे का पोरगी?" हसण्यासारखे आहे, पण ही पाटी प्रत्येक केंद्रावर असते आणि असलीच पाहिजे. याविरुद्धचा कायदा देशात पहिल्याने, १९८८ साली, महाराष्ट्राने केला. तो करण्याची गरज पडली हेच खरे लाजिरवाणे.

आत मिणमिणता उजेड. क्ष-किरण विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आबांना उताणे निजवले, दोन्ही डोळे मिटायला सांगितले आणि पापणीवर गार, चिकट मलमासारखे काहीतरी थापले. त्यावर यंत्राची मूठ अलगद टेकवली. दाबायचे नाही, दाबले तर आतली नाजूक चारी चेपते आणि मोजमाप चुकते. मुठीतून कानाला ऐकू न येणारा आवाज आत जातो आणि धावत्या रक्तपेशींवर आपटून परत येतो. पेशी आपल्याकडे येत असतील तर परतणारा सूर चढतो, दूर जात असतील तर पडतो. शिटीचेच गणित! फरक इतकाच, की आगगाडीच्या जागी रक्तपेशी. जपानात ओसाका येथे सातोमुरा यांनी १९५०च्या दशकात हे प्रथम हृदयावर करून पाहिले. ऐंशीच्या दशकात यंत्राने त्या सुरांना रंग दिले, आणि १९८९च्या सुमारास डॉक्टर ते यंत्र डोळ्यांवर ठेवू लागले.

पडद्यावर काळ्या गोळ्यामागे एक काळपट पट्टा दिसला. तो मज्जातंतू. त्याच्या पोटात एकमेकींना चिकटून दोन ठिणग्या, एक लाल आणि एक निळी. लाल ती येणारी रोहिणी, निळी ती परतणारी नीला. डॉक्टरीणबाईंनी एक कळ दाबली आणि खोलीत आवाज घुमला. वाफेच्या इंजिनाने दूरवरून धापा टाकाव्यात तसा फुस्स… फुस्स… आबांनी विचारले, "हे काय?" मी म्हटले, "आबा, हे तुमचे रक्त." ते बराच वेळ गप्प राहिले.

उजव्या डोळ्याची लाट उभी राहिली. ठोक्याच्या भरात सेकंदाला दहा सेंटिमीटर, दोन ठोक्यांच्या मधे तीन. निरोगी माणसात साधारण असेच असते. मोठ्या नेत्ररोहिणीत तोच वेग तीस-चाळीसच्या घरात असतो. मग मूठ डावीकडे गेली. लाल ठिणगी सापडेचना. पुष्कळ शोधल्यावर एक फिकट ठिपका हाती लागला. ठोक्याला जेमतेम चार, आणि मधल्या काळात शून्य. ते शून्य बोलके असते. पुढे वाट मोकळी असेल तर ठोका ओसरल्यावरही रक्त थोडे पुढे सरकत राहते; पुढे बूच बसले असेल तर प्रत्येक ठोका बंद दारावर धडक देतो आणि जागच्या जागी थांबतो. या दोन वेगांतले अंतर पहिल्या वेगाने भागले की अडथळ्याचा अंक मिळतो. उजवीकडे तो शून्य दशांश सात आला, डावीकडे पुरा एक. रंजितपटलाच्या चाऱ्या मात्र दोन्हीकडे वाहत होत्या. म्हणजे पाट चालू, तुंबली ती एकच चारी. त्याही बंद असत्या तर अडथळा आणखी मागे, खुद्द नेत्ररोहिणीत असता. अशा डोळ्याला दिव्याचा उजेडसुद्धा कळत नाही. २०२१ साली करोनाच्या पाठोपाठ आलेल्या काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कितीतरी डोळे घेतले. ती बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरून त्या तुंबवते. त्या दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरांनी असे तुंबलेले पाट पोटभर पाहिले.

पण खडा आला कोठून? डॉक्टरीणबाईंनी मूठ आबांच्या मानेवर नेली. डाव्या ग्रीवा रोहिणीच्या फाट्यावर चरबीचा खडबडीत थर बसला होता आणि वाट सुमारे ऐंशी टक्के बुजली होती. अरुंद मोरीतून पाणी उसळून जावे तसा तेथे रक्ताचा वेग भलताच वाढलेला. त्याच थराचा कपचा सुटून डोळ्यात गेला असणार. एकादी तरुण मुलगी असती तर आधी हृदयाच्या झडपा पाहिल्या असत्या, कारण आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापाने झडपा बिघडतात आणि तेथून गुठळ्या सुटतात.

मानेतली वाट याहूनही बुजली की काय होते ते मला तेथेच कळले, आणि मी थक्क झालो. कालव्यातच पाणी नसेल तर पाटाला कोठून येणार? मग चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या वाहिन्यांतले रक्त डोळ्याच्या खोबणीतून उलटे आत शिरते आणि नेत्ररोहिणीतून मागे, मेंदूकडे वाहू लागते. पडद्यावर लाल दिसायची ती नेत्ररोहिणी निळी दिसते! डोळा बिचारा आपल्या वाटणीचे पाणी मेंदूला देऊन बसतो आणि हळूहळू अंधारतो.

"यापूर्वी असं कधी झालं होतं का?" बाईंनी विचारले. आबा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा विचारले, नाहीच. तिसऱ्यांदा वहिनी दाराआडून म्हणाल्या, "आषाढात नाही का झालं, दोनदा? चार-पाच मिनिटं."

चार-पाच मिनिटांचा हा पडदा म्हणजे खरी धोक्याची सूचना. कॅनडाच्या मिलर फिशर या डॉक्टराने १९५१ मध्ये तिचा मानेतल्या रोहिणीशी संबंध दाखवला, आणि १९५९ मध्ये तर पडदा पडलेला असतानाच एका रोग्याच्या डोळ्यात पाहून पांढरे कण रोहिणीतून सरकताना टिपले. आज जो कपचा डोळ्यात गेला तोच उद्या मेंदूत जातो, आणि मग अर्धांग. म्हणूनच २०१३ पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी दृष्टिपटल असे मरण्याला पक्षाघाताच्याच व्याख्येत घातले आहे. एका डोळ्याची नजर एकाएकी, न दुखता गेली तर चष्मेवाल्याकडे नव्हे, ज्या रुग्णालयात पक्षाघाताचा रोगी नेतात तेथे त्याच तासाला जावे, हा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे.

आबांच्या डाव्या डोळ्यासाठी काही करण्यासारखे उरले नव्हते. डोळा चोळणे, आतले पाणी काढून दाब उतरवणे, असे उपाय पहिल्या काही तासांत करून पाहतात. गुण येईलच असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. नळी घालून थेट रोहिणीत गुठळी विरघळवण्याचे औषध सोडण्याची मोठी चाचणी युरोपात झाली. तिचा निकाल २०१० साली लागला, तो असा की नजर साध्या उपायांहून अधिक सुधारली नाही आणि त्रास मात्र वाढला. गावात तोवर आबांना चार काढे, दोन अंजने आणि एक अंगारा सुचवला गेला होता. डॉक्टरांच्या हाती खात्रीचे काही नसले की शेजाऱ्यांच्या हाती फार असते.

मानेसाठी मात्र करण्यासारखे होते. रोहिणी उघडून आतला थर खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया १९५०च्या दशकापासून चालत आली आहे. वाट सत्तर टक्क्यांहून अधिक बुजलेल्या आणि आधी असा इशारा मिळालेल्या माणसांवर उत्तर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. १९९१च्या तिच्या निकालाप्रमाणे दोन वर्षांत नुसत्या औषधांवर शंभरांतल्या सव्विसांना त्या बाजूचा पक्षाघात झाला, शस्त्रक्रिया केलेल्यांत नवांना. मी हे आकडे आबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "सव्विसातून नऊ गेले की सतरा राहतात. सतरा पोती भात वाचत असेल तर माणूस बांध घालतोच." पुण्याला शस्त्रक्रिया झाली, दहा दिवसांनी ते घरी आले. रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी आता वहिनींच्या ताब्यात असते.

डावा डोळा गेला तो गेला. एका डोळ्याला खोलीचा अंदाज नसतो, हे पुस्तकात वाचले होते; आबांकडे पाहून समजले. पहिला महिनाभर ते चहा ओतायचे तो कपाच्या पलीकडे बशीत पडायचा. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवायची, खण्‌ असा आवाज झाला की मगच ओतायचे. यंदा खाचरात इंद्रायणी चांगला आला आहे. भाताची ही जात जवळच्या वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेली. बांधावरून चालताना आबा डाव्या अंगाला काठी धरतात, आणि मी बरोबर असलो की मला उजवीकडे चालायला सांगतात.